२५ हजारांत शॉर्ट फिल्मचा आवाज: माईक कोणता घ्यायचा?

[हा या भागाचा लिखित मजकूर आहे. बोलतानाची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. जिथे आवाजाचे नमुने ऐकवले, तिथे चौकोनी कंसात नोंद केली आहे.]

जवळ हेडफोन असतील तर घाला. बसमध्ये असाल तर दोन्ही कानांत घाला. आज मधेमधे काही नमुने ऐकवणार आहे आणि फोनच्या स्पीकरवर त्यातला फरक कळणार नाही.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न आज घेतेय. "ताई, शॉर्ट फिल्म करतोय, बजेट नाहीये, माईक कोणता घेऊ?" कधी त्याला शेपूट असतं, "फोनवर शूट करतोय, चालेल ना?" कधी सोबत तीन माईकच्या लिंक असतात आणि "यातला कुठला?" एवढंच.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी काय सांगू शकते आणि काय नाही ते कळेल. मी साऊंड इंजिनिअर नाही. बीटेक कॉम्प्युटरमध्ये केलंय, सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहिते. शनिवार-रविवार ओळखीच्या मंडळींच्या शॉर्ट फिल्म्सवर बूम धरते. बूम म्हणजे तो लांब दांडा, ज्याच्या टोकाला माईक असतो. तेव्हा मी जे सांगणार ते स्वतःच्या खिशातून पैसे घालून, रजा टाकून फिल्म करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे प्रॉडक्शन हाऊस आहे त्यांनी सरळ चांगला साऊंड रेकॉर्डिस्ट घ्यावा. माझं काही ऐकू नये.

आता उत्तर. शेवटपर्यंत ताणत नाही, आत्ताच सांगते. माईक कितीचा आहे, यापेक्षा तो तोंडापासून किती लांब आहे याने जास्त फरक पडतो. म्हणून माईक निवडताना प्रश्न "चांगला कुठला?" असा नसतो. प्रश्न असतो, "माझ्या सीनमध्ये तोंडाजवळ कुठला पोचेल?"

एक छोटा प्रयोग

हे बोलायला सोपं आहे, म्हणून घरीच करून बघितलं. माझ्या हॉलमध्ये, पंखा बंद. वाक्य एकच: "आई, चार वाजले. गुरांना चारा घातलास का?" पहिल्या नमुन्यात भाड्याने आणलेला महागडा शॉटगन माईक कॅमेऱ्याच्या वर बसवलाय, माझ्यापासून ८ फुटांवर. दुसऱ्यात हजार रुपयांच्या आसपास मिळणारा वायरचा कॉलर माईक, तोंडापासून वीतभर खाली.

[नमुना १: महाग माईक, ८ फूट. नमुना २: स्वस्त कॉलर माईक, एक वीत. दोन्ही नमुन्यांचा आवाज सारख्या पातळीवर आणून ऐकवला आहे.]

ऐकलंत? पहिला आवाज बाथरूममधून आल्यासारखा वाटतो. मागे फ्रीजची घुर्र आहे, खालच्या रस्त्यावरची रिक्षा आहे. दुसरा थोडा सपाट आहे, खानदानी नाही, पण माणूस समोर बसून बोलतोय. आणि मुद्दाम ते वाक्य निवडलं होतं. "चार" मधला च आणि "चारा" मधला च हे आपल्याकडे वेगळे आहेत. एक तालव्य, दुसरा दातांजवळचा, जवळजवळ "त्स" सारखा. लिहिताना सारखे, बोलताना वेगळे. हा फरक आवाजाच्या वरच्या फ्रिक्वेन्सींमध्ये असतो. माईक लांब गेला, चुकीच्या दिशेला वळला किंवा जाड कपड्याखाली दबला की पहिल्यांदा तोच भाग जातो. मग दोन्ही च सारखेच ऐकू येतात. प्रेक्षकाला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण तो "काय म्हणाली?" असं शेजारच्याला विचारतो. तेवढ्यात तुमचा पुढचा संवाद गेलेला असतो.

थोडं गणित, घाबरू नका

मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. कॅमेऱ्यावरचा माईक ८ फुटांवर आहे असं धरा. तोच माईक दांड्यावर लावून २ फुटांवर आणला, तर अंतर दोनदा निम्मं झालं. म्हणजे १२ डेसिबल मिळाले. ध्वनीचा दाब चौपट. एक रुपयाही खर्च न करता. दांडा धरणाऱ्याचे हात दुखले, तेवढंच.

आता ही कमाई माईकच्या किमतीशी ताडून बघू. प्रत्येक माईकची स्वतःची एक हिस्स अशी खरखर असते. स्पेसिफिकेशनमध्ये तिला सेल्फ नॉईज म्हणतात, आकडा जितका कमी तितका माईक शांत. फिल्मवाल्यांचा लाडका सेनहायझर एमकेएच ४१६ घेतला तर तो १३ डेसिबल. बऱ्याच कमी पैशांत मिळणारा ऑडिओ-टेक्निका एटी ८७५आर घेतला तर २०. मधला रोड एनटीजी २ घेतला तर १८. म्हणजे किमतीत कितीतरी पट फरक, आणि शांततेत फरक ७ डेसिबलचा. २ फुटांवरून १ फुटावर आलात तर ६ डेसिबल तसेच मिळतात.

आणखी एक गोष्ट. शहरातल्या फ्लॅटमध्ये रात्री सगळं बंद केलं तरी खोलीचाच आवाज माईकच्या खरखरीपेक्षा जास्त असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर बॉटलनेक दुसरीकडेच आहे. सर्व्हर स्लो का, तर डेटाबेस क्वेरी वाईट लिहिली आहे. तिथे नवीन प्रोसेसर घेऊन काय होणार?

म्हणजे महाग माईक उगाच महाग आहेत असं नाही हं. ४१६ दमट हवेत, उन्हातान्हात इमानाने चालतो, त्याचा आवाज भरीव असतो, बाजूला बोललेलंही फार विचित्र होत नाही. पण तो फायदा जवळ गेल्यावर सुरू होतो. आधी अंतर, मग किंमत.

शॉटगन म्हणजे दुर्बीण नव्हे

आता एक गैरसमज काढून टाकू. शॉटगन माईक लांबचा आवाज ओढून आणतो असं पुष्कळांना वाटतं. ओढत वगैरे काही नाही. तो फक्त बाजूचे आवाज कमी करतो. कसं? पुढच्या नळीला बाजूने खाचा असतात. बाजूने आलेला आवाज वेगवेगळ्या खाचांतून वेगवेगळ्या वेळी आत शिरतो आणि आपला आपल्यालाच खोडतो. समोरून आलेला सरळ जातो.

पण हे खोडणं नळीच्या लांबीवर अवलंबून असतं. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. नळी पाव मीटरची धरली, तर ज्या लहरी त्याहून छोट्या आहेत, म्हणजे साधारण १४०० हर्ट्झच्या वर, तिथेच नळी नीट काम करते. त्याखाली तो साध्या दिशादर्शक माईकसारखा वागतो. ट्रकची घरघर, पाण्याच्या मोटारीचा आवाज, लांबच्या डीजेचा ढुमढुम हे सगळं त्याखालीच येतं. म्हणून शेजारच्या गल्लीत वरात असेल तर कुठलीच शॉटगन तुम्हाला वाचवणार नाही.

आणि बंद खोलीत तर उलटंच होतं. आपल्या १० बाय १२ च्या खोल्या, गुळगुळीत भिंती, फरशी, वर स्लॅब. आवाज सगळीकडून आपटून येतो. बाजूने येणारे ते प्रतिध्वनी नळीत अर्धवट खोडले जातात आणि जे उरतं ते पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं लागतं. म्हणून खोलीत छोटा, नळी नसलेला कार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माईक बरा. कार्डिऑइड म्हणजे समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा. हायपरकार्डिऑइड त्याहून अरुंद. मोठ्या सेटवरसुद्धा आत हेच वापरतात.

थोडक्यात, बाहेर मोकळ्यावर शॉटगन. आत खोलीत छोटा कार्डिऑइड. लांबच्या शॉटमध्ये कॉलर माईक, ज्याला लॅपल किंवा लॅव्ह म्हणतात. तिन्ही विकत घ्यायचे नाहीत. तुमच्या स्क्रिप्टमध्ये कुठले सीन जास्त आहेत ते मोजायचं आणि त्याप्रमाणे एक घ्यायचा.

हा सगळा खटाटोप कशासाठी?

इथे कोणीतरी म्हणेल, एवढं कशाला, नंतर डबिंग करू. आपल्याकडे कित्येक दशकं तसंच चाललं. कॅमेरे घरघर करायचे, लोकेशनवर गर्दी असायची, सगळे संवाद नंतर स्टुडिओत. पण सुरुवात तशी नव्हती हं. १९३१ चा 'आलम आरा', आपल्या देशातला पहिला बोलपट, मुंबईत झाला तेव्हा आवाज शूटिंगच्या वेळीच घेतला होता. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून बरंचसं शूटिंग रात्री, गाड्या थांबल्यावर. आणि माईक कलाकारांच्या जवळ लपवलेले. म्हणजे शांत वेळ शोधा आणि माईक जवळ न्या, हा धडा नव्वदहून जास्त वर्षं जुना आहे. मी नवीन काही सांगत नाहीये.

डबिंगला माझा विरोध नाही. पण आपल्यासारख्यांच्या फिल्ममध्ये कोण काम करतं? कोणाची आत्या, कोणाचा गावाकडचा मामा, कॉलेजच्या नाटकातली मुलगी. डबिंग हे वेगळंच कौशल्य आहे. काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, स्वतःच्याच ओठांकडे बघत तोच भाव परत आणायचा. मुरलेल्या नटांना ते जमतं. आत्याला नाही जमत, आणि का जमावं?

मागच्या वर्षी बार्शीकडच्या एका वाड्यात आम्ही एक सीन केला. दिग्दर्शक मैत्रिणीच्या आत्या मुख्य भूमिकेत. वय पासष्टच्या पुढे, आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर. मुलगा शहरात परत निघालाय आणि त्या फक्त म्हणतात, "डबा पिशवीत टाकलाय." स्क्रिप्टमध्ये एवढंच होतं. तिसऱ्या टेकला त्या "डबा" म्हणाल्या, थांबल्या, एक श्वास घेतला आणि मग बाकीचं वाक्य बोलल्या. तो श्वास कुणी लिहिलेला नव्हता. चौथ्या टेकला तो नव्हता, पाचव्यालाही नव्हता. माईक त्यांच्या कपाळाच्या वर दीड फुटावर होता, म्हणून तो आमच्याकडे आहे. ऐका.

[नमुना ३: टेक ३ मधलं ते वाक्य.]

हा श्वास ८ फुटांवरून फ्रीजच्या घुर्रमध्ये बुडाला असता. आणि पुण्यात स्टुडिओत बसवून तो त्यांच्याकडून परत घेता आला नसता. एखाद्या व्यावसायिक आवाजाने तो डब केला असता तर बार्शीची बोलीही गेली असती.

'ख्वाडा' बघितला असेल तुम्ही, भाऊराव कऱ्हाडे यांचा, धनगर कुटुंबाची गोष्ट. २०१४ सालच्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या लोकेशन साऊंडला पुरस्कार मिळाला. जागेवर घेतलेल्या आवाजाचा हा पुरस्कार. माळरान, मेंढ्या आणि ती भाषा त्याच जागेवर, त्याच माणसांच्या तोंडून. परत बघाल तेव्हा एकदा डोळे मिटून दहा मिनिटं ऐका.

तीन सीन, तीन निवडी

आता आपली नेहमीची शॉर्ट फिल्म घेऊ. तीन जागा असतात: स्वयंपाकघर, टेकडी आणि रस्ता किंवा एसटी स्टँड. हसू नका, माझ्याकडे आलेल्या निम्म्या स्क्रिप्ट अशाच आहेत.

स्वयंपाकघर. छोटा कार्डिऑइड, दांड्यावर, वरून, तोंडाच्या पुढे छातीच्या दिशेने तिरका. अंतर दीड ते दोन फूट. कॅमेरावाल्याला सांगायचं, "फ्रेममध्ये माईक दिसला की ओरड." माईक खाली आणायचा, तो ओरडला की चार बोटं वर घ्यायचा. तीच तुमची जागा. फ्रीज बंद करायचा आणि गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. म्हणजे घरी जाताना किल्ली शोधायला फ्रीज उघडाल आणि चालू कराल. जुनी युक्ती आहे, पण ज्यांच्या घरी शूट करताय त्यांचं दूध वाचतं. कॅमेऱ्याच्या मागच्या रिकाम्या भिंतीवर आणि खाली फरशीवर गोधड्या, वाकळ, सोलापुरी चादरी, घरात असेल ते जाड. ध्वनिशोषक पॅनेलच्या नावाखाली विकले जाणारे पातळ फोमचे तुकडे विकत घेण्यापेक्षा आजीची गोधडी कधीही चांगली.

टेकडी. इथे वाऱ्याशी गाठ आहे. माईकसोबत येणारी काळी फोमची टोपी फक्त तोंडाच्या फुंकरीपुरती असते, उघड्यावर तिचा उपयोग नाही. केसाळ आवरण हवं, ज्याला डेडकॅट म्हणतात. तेही न पुरेल असा वारा असेल तर सकाळी सहाला शूट लावा. दोघं लांबून चालत येतायत असा वाईड शॉट असेल तर बूम पोचणारच नाही. मग कॉलर माईक. किंवा त्याहून स्वस्त उपाय, वाईल्ड लाइन. म्हणजे शॉट झाला की लगेच, त्याच जागी, त्याच माणसांना उभं करून, कॅमेरा बंद ठेवून, माईक फूटभर अंतरावर धरून तेच संवाद दोनदा बोलून घ्यायचे. भाव ताजा असतो, जागा तीच असते. लांबच्या शॉटमध्ये ओठ कोण बघतंय!

रस्ता, एसटी स्टँड. बूम काढलात की वीस माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. इथे कॉलर माईक कपड्यांत लपवा आणि तो नटाच्या खिशातल्या फोनमध्ये रेकॉर्ड करा. जागा: छातीच्या मध्यभागी, हनुवटीपासून वीतभर खाली. कॉटन चांगलं, नायलॉन आणि कडक रेशीम वाईट, कारण ते सरसर वाजतं. माईकच्या दोन्ही बाजूंना मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कागदी चिकटपट्टीने कपडा आणि माईक एकत्र चिकटवा, म्हणजे एकमेकांवर घासत नाहीत. आणि मंगळसूत्र! कुठल्याच परदेशी व्हिडिओत हे सांगत नाहीत. मणी माईकवर आपटतात आणि प्रत्येक वाक्यात टिकटिक येते. मंगळसूत्र असेल तर माईक पदराच्या काठाशी, खांद्याकडे सरकवा किंवा आतून एका बाजूला घ्या. बांगड्यांचंही तसंच. संवाद महत्त्वाचा असेल तर दोन बांगड्यांच्या मधे छोटी चिकटपट्टी लावा, दिसत नाही.

२५ हजारांची वाटणी

आता पैसे. किमती सेलप्रमाणे खाली-वर होतात, म्हणून गोल आकडे सांगते. घेताना स्वतः तपासा.

माईक, साधारण ५ हजार. रोडच्या व्हिडिओमायक्रोसारखा छोटा कार्डिऑइड. विकतात कॅमेऱ्यावर लावायला, आपण दांड्यावर लावायचा. त्याला बॅटरी नसते, रेकॉर्डरमधून प्लग-इन पॉवर मिळते, तेवढी सेटिंग चालू करायची.

रेकॉर्डर, साधारण १० हजार. झूमची एच१ मालिका किंवा टॅसकॅम डीआर-०५एक्स.

हेडफोन, ४ ते ५ हजार. कान पूर्ण झाकणारे, वायरचे. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोचतो. इथे काटकसर करू नका. जे ऐकू येत नाही ते सुधारता येत नाही.

वायरचे कॉलर माईक दोन, मिळून २ हजार. बोया बीवाय-एम१ सगळ्यांना माहीत आहे, ६ मीटर वायर असते. तुमच्या फोनला गोल जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागतो आणि सगळे कन्व्हर्टर सगळ्या फोनवर चालत नाहीत, म्हणून दुकानातच लावून बघा.

उरलेले ३ हजार: दांडा, तीन मीटरची एक्स्टेन्शन केबल, डेडकॅट, मेमरी कार्ड, सेल. दांड्यासाठी सांगते, घरात जाळ्या काढायचा सरकता ॲल्युमिनियमचा दांडा असतो ना? तोच. किंवा रंगाऱ्याचा. टोकाला माईकचा शॉकमाउंट घट्ट बसवायचा आणि हातात धरायच्या भागाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, म्हणजे बोटांचा आवाज जात नाही.

बघा, माईकवर एकूण बजेटचा पाचवा हिस्सा गेला. लोक २० हजार माईकवर घालतात आणि मग तो कॅमेऱ्यावरच बसवतात, कारण दांडा, केबल, हेडफोन याला पैसेच उरत नाहीत.

आणि एक खर्च या यादीत नाही, तो म्हणजे माणूस. दिवसभर फक्त आवाजच बघेल असा एक जण. लाईटही धरेल, चहाही आणेल असा नाही. तो मिळत नसेल तर माईक घेण्याआधी तो शोधा.

शूट दोनच दिवसांचं असेल तर विकत घेऊच नका. पुण्या-मुंबईत शॉटगन, फील्ड रेकॉर्डर, वायरलेस सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. तेव्हा खुशाल ४१६ आणा. पण आदल्या संध्याकाळी आणून सगळं जोडून बघा. मोठ्या माईकना एक्स-एल-आर केबल आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, ती देणारा रेकॉर्डर सोबत आहे ना, हे दुकान सोडायच्या आधी विचारा.

तुमचे प्रश्न

पहिला: "वायरलेस घेऊ का? छोटे डब्बीसारखे मिळतात ते." घ्या, पण समजून घ्या. ते बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे तुमच्या वायफायच्याच रस्त्यावर. शिवाय माणसाचं शरीर ती लहर अडवतं, नट पाठमोरा झाला की आवाज तुटू शकतो. म्हणून ट्रान्समीटरमध्येच आतल्या आत रेकॉर्ड होणारं मॉडेल बघा. सिग्नल तुटला तरी आतली फाईल शाबूत राहते. आणि ती डब्बी कॉलरवर दिसते. मुलाखतीत चालेल, शेतकऱ्याच्या सदऱ्यावर नाही. तिला वायरचा छोटा माईक जोडून डब्बी लपवा.

दुसरा: "३२-बिट फ्लोट असला की लेव्हल बघायची गरज नाही, खरं का?" अर्धं खरं. नट अचानक किंचाळला तरी फाईल फाटत नाही, नंतर खाली आणता येते. ज्यांच्याकडे वेगळा साऊंडवाला नाही त्यांना याचा खूप फायदा. पण खोलीचा गोंगाट आणि आवाज यांचं प्रमाण रेकॉर्डिंगच्या क्षणीच ठरतं, ते कुठलाही फॉरमॅट बदलत नाही. गार्बेज इन, गार्बेज आऊट. साधा २४-बिटचा रेकॉर्डर असेल तर सगळ्यात मोठा आवाज उणे १२ च्या आसपास ठेवा आणि ऑटो लेव्हल बंद करा. नाहीतर नट गप्प बसला की रेकॉर्डर आपण होऊन आवाज वाढवतो आणि प्रत्येक शांततेत पंखा घोंघावत वर येतो.

तिसरा: "आवाज वेगळा रेकॉर्ड केला तर जोडायचा कसा?" कॅमेऱ्यावरचा आवाजही चालू ठेवा, टेकच्या सुरुवातीला टाळी वाजवा. दाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत दोन्ही आवाज जुळवून आपोआप सिंक होतं. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. फोनवर शूट करत असाल तर एक काळजी, अनेक फोन फ्रेम रेट कमी-जास्त करत राहतात आणि मग लांब टेकमध्ये ओठ आणि शब्द हळूहळू सुटत जातात. ब्लॅकमॅजिक कॅमेरा नावाचं फुकट ॲप आहे, त्यात फ्रेम रेट पक्का करता येतो. रेकॉर्डिंगसाठी वापरत असलेला प्रत्येक फोन एअरप्लेन मोडवर, हे वेगळं सांगायला नको.

चौथा, मला आवडलेला: "माझ्याकडे २५ हजार नाहीत, शून्य आहेत. फिल्म करू की नको?" कर. दुसरा फोन कोणाकडून तरी एका दिवसासाठी माग. त्याला फोनसोबत मिळालेला वायरचा इअरफोन लाव, त्याचा माईक नटाच्या शर्टाच्या आत, वीतभर अंतरावर. स्क्रिप्टमधले रस्त्यावरचे सीन खोलीत आण. पहाटे शूट कर. हे सगळं केलंस तर लाखाचा कॅमेरा घेऊन वरच्या माईकवर भिस्त ठेवणाऱ्या टीमपेक्षा तुझ्या फिल्ममधला माणूस जास्त स्पष्ट ऐकू येईल.

जाता जाता

प्रत्येक जागी शूट संपल्यावर सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करा आणि त्या जागेचा रिकामा आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन टेक जोडताना मधली भेग याच आवाजाने भरायची असते. शूटच्या शेवटी सगळे दमलेले असतात, कोणीतरी हसतं, कोणाचं पोट वाजतं, तरी करा.

आणि लोकेशन बघायला जाल तेव्हा ज्या वेळी शूट आहे त्याच वेळी जा. रविवारी दुपारी शांत असलेली गल्ली सोमवारी सकाळी शाळेच्या रिक्षांनी भरते. खोलीत उभं राहून टाळी वाजवा. टाळीनंतर झिंग्ग असं ऐकू आलं तर गोधड्या जास्त आणा, नाहीतर दुसरी खोली शोधा. याला पैसे लागत नाहीत.

पुढच्या भागात, रेकॉर्ड झालेला आवाज एडिटमध्ये साफ कसा करायचा आणि कुठे थांबायचं, ते बोलू. तोपर्यंत तुमच्या स्क्रिप्टमधले तीन अवघड सीन मला लिहून पाठवा. माईकच्या लिंक पाठवू नका. सीन पाठवा, खोली किती मोठी, माणसं किती, शॉट किती लांबून, एवढं. माईक आपण त्यावरून ठरवू.

भेटू मग. काळजी घ्या.